रोषणाई आणि सोबत

आनंद वांटल्यानें वाढतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. हें वचन खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आनंद वांटणें म्हणजे नेमकें काय, याचा विचार आपण क्वचितच करतों. आपणांस जें आवडतें तें दुसऱ्याच्या पदरांत घातलें कीं आनंद वांटला, अशी आमची समजूत होती. गेल्या भाऊबीजेच्या रात्रीं जळगांवच्या रस्त्यांवर ती समजूत डळमळली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें बिऱ्हाड धुळ्यास आणि बहीण जळगांवीं. भाऊबीजेस पारोळा-एरंडोलच्या वाटेनें तिच्याकडे जावयाचें, हा आमचा नेम. त्या दिवशीं बरोबर मातोश्री, पत्नी, दोन मुलें आणि मोती नांवाचा कुत्रा असा परिवार होता. ओवाळणी आणि जेवणें आटोपल्यावर मुलांनीं शहरांतील रोषणाई पाहण्याचा हट्ट धरला. गर्दींत पायीं हिंडणें मातोश्रींस झेपण्याजोगें नव्हतें, म्हणून मोटारींत बसूनच फेरफटका करण्याचें ठरलें. बहिणीकडील माणसेंही बाहेर जाणार होतीं; तेव्हां मोतीस अनोळखी घरांत एकटें कोंडून ठेवणें आमच्या जिवावर आलें. "धर्मराजानें स्वर्गाच्या दारींसुद्धां कुत्र्यास टाकलें नाहीं, मग आपण कसें टाकावें?" असें आम्हीं मोठ्या ऐटींत म्हटलें, आणि सर्व मंडळी मोटारींत बसली.

जळगांव ही सोन्याची पेठ. बाजाराच्या बाजूस दुकानें माथ्यापासून पायथ्यापर्यंत विजेच्या माळांनीं झगमगत होतीं. पुढें वस्तींत शिरावें तों घरोघरीं आकाशकंदील, उंबऱ्यांत पणत्या आणि अंगणांत रांगोळ्या. मुलें कांचेला नाकें लावून बसलीं होतीं. इतक्यांत एका वळणावर फटाक्यांची लांबलचक माळ कडाडली. मोती थरथर कांपूं लागला, त्याला धाप लागली, आणि तो बैठकीखालीं अंग चोरून मातोश्रींच्या पायांशीं जाऊन बसला. धाकट्यानें त्यास ओढून वर घेतलें आणि "मोती, ते बघ लाल दिवे!" म्हणून त्याचें तोंड खिडकीकडे फिरविलें. मोतीनें डोळे मिटून घेतले.

कुत्र्यास तांबडा आणि हिरवा हा भेद दिसत नाहीं, निळा व पिवळा तेवढा कळतो, असें १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आलें आहे. उलट, माणसाच्या कानास सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांपलीकडचा नाद ऐकूं येत नाहीं, तर कुत्र्यास त्याच्या दुपटीहूनही अधिक कंपनांचा येतो. म्हणजे ज्यासाठीं आम्ही बाहेर पडलों होतों तें मोतीस धड दिसत नव्हतें, आणि जें आम्ही सहज सोशीत होतों त्याचा भडिमार मात्र त्याच्यावर होत होता. रस्ता एकच होता. पण आमची दिवाळी आणि त्याची दिवाळी एक नव्हती.

"अरे, पुरे कर आतां," मातोश्री म्हणाल्या. "त्याच्यानें सोसवत नाहीं. मला तरी कुठें सोसवतें आहे!"

"मग आई, तूं आधीं बोलली कां नाहींस?"

"मुलांचा विरस कशाला करायचा, म्हणून गप्प बसलें होतें."

आम्ही निरुत्तर झालों. मोतीस बोलतां येत नव्हतें आणि मातोश्रींस बोलवत नव्हतें. आम्हीं मात्र दोघांचेंही मौन संमति म्हणून जमेस धरिलें होतें. कुटुंबवत्सल माणसाकडून होणारा अन्याय बहुधा याच जातीचा असतो. तो रागानें होत नाहीं, प्रेमानें होतो. म्हणूनच तो करणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिवाळीच्या रात्रीं फटाक्यांस आठ ते दहा अशी दोन तासांची मर्यादा घातली. कायद्यास फार तर घड्याळ नेमून देतां येतें. पण नेमक्या त्याच वेळीं भित्र्या जिवास त्या गलक्यांत घेऊन जाऊं नये, हें सांगणें कायद्याचें काम नव्हे. तें आमचें होतें.

कोणी म्हणेल, एका कुत्र्यापायीं मुलांनीं दिवे पाहूं नयेत कीं काय? पाहावेत, त्यांच्या आनंदाचें मोलही थोडें नाहीं. परंतु धर्मराजाचा दाखला आम्हीं उलटा लाविला होता. त्यानें कुत्र्यास आपल्या हौसेसाठीं बरोबर नेलें नव्हतें. तो आपण होऊन मागें आला होता. कथेचें मर्म बरोबर नेण्यांत नाहीं, सोडण्यांत आहे. इंद्राचा रथ समोर उभा असतांना सोबत्यासाठीं स्वर्ग सोडावयास तो सिद्ध झाला. आम्हांस तासाभराची रोषणाईही सोडवली नाहीं.

भाऊबीजेनंतर थोड्याच दिवसांनीं, कार्तिकी एकादशीस, याच शहरांत श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ सालीं अप्पा महाराजांनीं हा रथोत्सव सुरू केला. रथ ओढणारे हात पुष्कळ. पण चाकाखालीं लांकडी मोगरी घालून त्याचा वेग आवरणारे थोडे. त्यांना रथावरच्या फुलांकडे आणि दिव्यांकडे पाहावयास फुरसत कोठली? नजर चाकावरून हलली तर कोणाचा तरी पाय सांपडावयाचा. उत्सव निर्विघ्न पार पडतो तो असा कोणी तरी त्यांतील शोभेला मुकतो म्हणून. घरच्या आनंदासही असा एखादा मोगरीवाला लागतो, आणि तें काम प्रत्येक वेळीं म्हाताऱ्यांच्या किंवा मुक्यांच्या सोसण्यावर ढकलतां येत नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं मोटार परत फिरविली. खिडक्या लावून घेतल्यावर घटकाभरानें मोतीची धाप थांबली. पुढच्या वर्षीं त्याच्याजवळ कोण बसणार, असा प्रश्न मुलांपुढें टाकतांच बराच वाद झाला; कारण दिवे कोणासच सोडवत नव्हते. अखेर दोघांनीं पाळी लाविली, अर्धा वेळ एकानें आणि अर्धा दुसऱ्यानें. आपला वांटा कमी केल्यावांचून वांटणी होत नाहीं, हें पोरांच्या ध्यानांत आमच्या आधीं आलें.