पाच फुटांचा बांध

आमच्या शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात भर दुपारी बल्ब लागतो. सकाळी चहाचं आधण ठेवताना लागतो, तो दुपारची झाकपाक होईपर्यंत चालूच असतो. बटण काकू दाबतात, पण त्यांना ते दाबायला लावलंय मी. हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि कबूल करायला त्याहून जास्त.

माझं लहानपण माणदेशातल्या एका खेड्यात गेलं. पांढऱ्या मातीची, माळवदाची घरं. एकाची भिंत तीच दुसऱ्याची भिंत. आम्ही पोरं माळवदावरून माळवदावर उड्या मारत अर्धी आळी पार करायचो. घरात उजेड यायचा तो छताला ठेवलेल्या सवण्यातून, चुलीचा धूर जायचा तोही तिथूनच. नकाशा, मंजुरी, मार्जिन हे शब्द तेव्हा गावात कुणाच्या तोंडात नव्हते. पण म्हणून नियम नव्हते असं नाही. आपल्या माळवदाची पन्हळ दुसऱ्याच्या दारात काढायची नाही, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. तरी तो मोडला की चावडीवर बोलावणं यायचं.

शेतात तर नियम अजून कडक. बांधाकडेला नांगर आला की आबा हाळी द्यायचे, "येक तास सोडून धर रं!" एक तास म्हणजे नांगराची एक ओळ. मला ते पटायचं नाही. आमचीच जमीन, मग आम्हीच का सोडायची? एकदा तसं बोललो, तर आबा म्हणाले, "आरं, तासभर जमीन सोडून कुनी भिकंला लागत न्हाई, आन् बांध कोरून कुनी शिरीमंत झालेला मी तरी बगितला न्हाई." बांध कोरणारे गावात होतेच. दर साली चार बोटं, दर साली चार बोटं. दहा वर्षांनी शेजाऱ्याच्या ध्यानात यायचं, की आपलं रान कुठंतरी आटलंय.

पुढं मला नोकरी लागली. 1994 साली तालुक्याच्या गावाबाहेर प्लॉट घेतला. शाळू पिकायचा ते रान. मालकानं बिनशेती करून घेतलं, मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले, नऊ मीटरचे रस्ते आखले. माझा प्लॉट चाळीस बाय साठ, म्हणजे दोन गुंठ्यांच्या थोडा वर. कागदपत्रांबरोबर अटींचा कागद मिळाला. समोर दहा फूट सोडायचे, मागं पाच, दोन्ही अंगांना पाच-पाच. सरकारी मराठीत त्याला सामासिक अंतर म्हणतात, गवंडी म्हणतो साइड मार्जिन. आबांना तो कागद वाचून दाखवला आणि म्हणालो, "बघा की, पैसे मोजून घेतलेली जागा नुसती मोकळी ठेवायची." आबा प्लॉटच्या कडेनं चालत गेले, दगडापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बांध हाय त्यो. तासापरास जरा रुंद हाय, येवढंच."

घर 1996 ला झालं. खाली दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या. पश्चिमेला काका-काकूंनी 1998 ला बांधलं. त्यांचं स्वयंपाकघर आमच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला आलं. माझे पाच आणि त्यांचे पाच अशी दहा फुटांची मोकळी पट्टी मध्ये होती. सकाळचं ऊन त्या पट्टीतून सरळ काकूंच्या ओट्यावर पडायचं. मार्जिन कशासाठी सोडायचं, ते त्या पट्टीकडं बघून कळायचं. वारा खेळायचा, पावसाचं पाणी ज्याचं त्याच्या हद्दीत पडायचं, बाहेरून गिलावा करायला परांची बांधता यायची. उद्या कुणाच्या घरात आग लागली, तर ती उडी मारून शेजारी जाऊ नये, हाही हिशेब त्यात असतो.

आबा गेले आणि आई आमच्याकडं राहायला आली. 2009 च्या पावसाळ्यात ती न्हाणीत पडली, खुबा मोडला. जिना चढणं संपलं. तिला खाली खोली हवी होती, लागूनच संडास-मोरी हवी होती. पश्चिमेचे पाच फूट घेतले आणि स्वयंपाकघरामागची कोठी त्याला जोडली, तर ऐसपैस खोली होत होती. मी काकांकडं गेलो. "आईसाठी एक खोली काढावी म्हणतो, तुमच्या अंगाला," असं म्हणालो. काका लगेच म्हणाले, "म्हातारीसाठी करताय, मी कसा नाही म्हणू?"

त्या रात्री मला शांत झोप लागली. परवानगी मिळाली असं वाटलं. आज वाटतं, ती परवानगी नव्हती. मी प्रश्नच असा विचारला होता, की त्याला एकच उत्तर देता यावं. आजारी म्हातारी मध्ये उभी केल्यावर कोणता भला माणूस आपल्या खिडकीतल्या उजेडाचं नाव काढेल? नियम असतो तो याच घडीसाठी. शेजाऱ्याला तोंडावर "नाही" म्हणावं लागू नये, म्हणून त्याच्या वतीनं कागदानं ते आधीच म्हणून ठेवलेलं असतं. मी तो कागद बाजूला सारला आणि सगळा भार काकांच्या भिडेवर टाकला.

खोली झाली. बाहेरचा गिलावा करायला गवंड्यांनी परांची काकांच्या हद्दीत बांधली. माझ्या हद्दीत आता उभं राहायला जागाच नव्हती. नकाशा मंजूर करून घेतला नाही आणि विचारायलाही कुणी आलं नाही. तीन वर्षांनी मुलाला अभ्यासाला खोली हवी झाली. खाली स्लॅब पडलाच आहे, तर वर भिंती उचलू, एवढाच विचार केला. या वेळी काकांना विचारलंसुद्धा नाही. बांध असाच कोरतात. पहिली चार बोटं गरजेची असतात, पुढची सवयीची.

2014 ला आई गेली. ती त्या खोलीत पाच वर्षं सुखानं राहिली, हे खरं आहे. एका संक्रांतीला तिळगूळ द्यायला मी शेजारी गेलो, तर काकू पुढच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. "थंडीत बाहेर का बसलात?" म्हणालो. त्या म्हणाल्या, "आत खडा दिसत नाही हो." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मी पाणी प्यायला आत गेलो आणि तो बल्ब बघितला. खिडकी उघडीच होती. खिडकीत माझी भिंत होती.

ओळखीचे एक कारकून आहेत. त्यांच्याकडं सहज विषय काढला. ते म्हणाले, "घाबरताय कशाला? प्रशमन शुल्क भरून बसतंय का बघू. गुंठेवारीतल्या वसाहतीच्या वसाहती नियमित होतात." खरंच आहे ते. गुंठेवारीचा कायदा 2001 चा, पुढं त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना वाट करून दिली. त्याला मी नावं ठेवणार नाही. गरिबानं एक गुंठा घेतला, तेहतीस बाय तेहतीस, आणि त्याला माझ्या कागदातल्या अटी लावल्या, तर 1089 चौरस फुटांतले जेमतेम 414 हातात राहतात. तो कुठं राहील आणि शेळी कुठं बांधेल? म्हणून लहान प्लॉटला अंतर कमी ठेवायची, ओळीतल्या घरांना भिंतीला भिंत लावायची सोय नियमांतच असते. माळवदाची आमची आळी तशीच होती. नियम माणसाच्या ऐपतीकडं बघणारा असावा, हे मला मान्य आहे.

पण मी एका गुंठ्याचा मालक नव्हतो. आणि शुल्क भरलं, तर पैसे जाणार कचेरीत. उजेड गेला काकूंचा. एकाचं घ्यायचं आणि पावती दुसऱ्याकडून आणायची, यानं बांधकाम नियमित होत असेल, देणं फिटत नाही. कायद्याचं म्हणाल, तर 1882 चा सुविधाधिकार कायदा म्हणतो, की खिडकीतून वीस वर्षं अखंड, बिनतक्रार उजेड घेतला की त्यावर हक्क बसतो. काकूंच्या खिडकीला तेव्हा अकराच वर्षं झाली होती. म्हणजे त्या हिशेबातही मी सुटतो. असे सुटत गेलो, की शेवटी फक्त आबांची हाळी उरते.

मला खरं टोचतं ते वेगळंच. 2009 ला दुसरा रस्ता होता. दिवाणखान्यात पडदी घालून आईची खोली करता आली असती, मोरी मागच्या बाजूला बसत होती. बायकोनं तसं सुचवलंही होतं. पण पाहुणे कुठं बसणार, टीव्ही कुठं ठेवणार? आईला खोली द्यायची, तर एकतर माझा दिवाणखाना जाणार होता, नाहीतर शेजाऱ्याचा उजेड. मी शेजाऱ्याचा दिला. आणि लोक म्हणाले, पोरानं आईचं केलं. दुसऱ्याच्या पिशवीतून केलेल्या दानाचं पुण्य आपल्या नावावर लावता येतं का, हा प्रश्न तेव्हा मला कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

गेल्या महिन्यात गवंड्याला बोलावलं. तो भिंतीवर थाप मारून म्हणाला, "गुरुजी, चांगलं मजबूत काम हाय. पाडताय कशापायी?" मुलगा नाराज आहे, पण वरची खोली पाडायला तो तयार झाला. ही बातमी काकूंच्या कानावर गेली. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "वरची पाडायची तर पाडा. खालची राहू द्या. आजी होत्या तिच्यात."

मला भरून आलं. हो म्हणणारच होतो. मग ध्यानात आलं, पुन्हा तेच चाललंय. द्यायचं त्यांनी आणि घ्यायचं मी.

गवंड्याला दोन्हीचा हिशेब करायला सांगितलाय. आईचा पलंग दिवाणखान्यात आणून ठेवला. आता सोफा एकच बसतो. पाहुणे आले की पलंगावर बसतात.