बिरसीच्या भिंतीवर कोण?

गोंदिया जिल्ह्यात विमानानं येणाऱ्याचं पहिलं पाऊल बिरसीत पडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली. २०२२ पासून प्रवासी विमानंही उतरू लागली. या विमानतळाच्या भिंतींवर जिल्ह्यातल्या जित्याजागत्या माणसांची व्यक्तिचित्रं हवीत आणि ती चित्रकारांकडून मुद्दाम काढून घ्यायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.

याचं एक उदाहरण पाहा. लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी १८५६ सालची. गादीवरचा राजा किंवा राणी आणि त्यांचा जोडीदार वगळता, मृत्यूला दहा वर्षं झाल्याशिवाय कोणाचं चित्र संग्रहात घ्यायचं नाही, असा तिथं १९६९ पर्यंत नियम होता. तो गेला आणि हयात माणसांना तिथली दारं उघडली. २०१८ मध्ये गॅलरीनं मलाला युसुफझाईचं व्यक्तिचित्र शिरीन नेशात या कलावंताकडून करवून घेतलं. मलाला तेव्हा एकवीस वर्षांची होती. माध्यम छायाचित्राचंच, पण नेशातनं त्यावर शाईनं, स्वतःच्या हातानं पश्तू कविता लिहिली. म्हणजे प्रश्न रंगाचा की कॅमेऱ्याचा, हा नाहीच. कलावंतानं त्या माणसाला वेळ दिला का, हा आहे.

हा वेळ आपण कोणाला दिला? १७९२ मध्ये जेम्स वेल्स या चित्रकारानं पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस रंगवले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात गोपाळ देऊसकरांनी काढलेलं लोकमान्यांचं चित्र लागलं १९५६ साली, टिळक जाऊन जवळपास छत्तीस वर्षं झाल्यावर. देऊसकरांचा हात थोर, यात वाद नाही. पण आपल्याकडं चित्र काढून घेतलं जातं ते सत्तेचं, नाही तर गेलेल्या माणसाचं. बाकीच्यांच्या वाट्याला तेराव्याच्या दिवशी घाईघाईनं मोठा करून आणलेला आधारकार्डावरचा फोटो येतो, हार घातलेला.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, भाऊबीजेपासून मंडया भरतात आणि रात्रभर नाटकं चालतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पहाटे तिसऱ्या अंकानंतर आरशासमोर बसलेला नट पाहा. अर्धा रंग उतरलेला, कपाळावर पगडीचा वळ, डोळ्यांत जागरण. तो चेहरा अजून कोणत्या भिंतीवर आहे? धानाची रोवणी करणाऱ्या बाईचे हातही तसेच. बांधीतल्या पाण्यात दिवसभर राहून बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुततात, नखांत काळा चिखल मुरतो. हे हात काढायचे तर चित्रकाराला बांधीवर जाऊन बसावं लागेल. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर जाळं टाकणारा ढिवर, शेतातलं सारसाचं घरटं सांभाळण्यासाठी तेवढं धान उभं ठेवणारा शेतकरी, यांच्याकडंही असंच जावं लागेल.

या माणसांना नाव नको, 'आदिवासी स्त्री', 'शेतकरी' एवढं पुरे, असं समजून काढलेली चित्रं शासकीय इमारतींत पुष्कळ आहेत. ती मला मान्य नाहीत. चित्राखाली नाव हवं, गाव हवं, चित्रकाराची सही हवी. बसणाऱ्याची परवानगी आणि त्या दिवसांची मजुरीही हवी; रोवणीच्या दिवसांत कोणाला फुकट बसवणं हा अन्यायच होईल.

नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथं शिकलेल्या मुलांना हे काम द्यावं. सुरुवात पाच चित्रांनी झाली तरी चालेल. जिल्हा नियोजन समितीनं येत्या वर्षाच्या आराखड्यात त्यासाठी तरतूद करावी, आणि पहिली पाच नावं ग्रामसभांकडून मागवावीत.