रापणे आणि रंगवणे

अतिशय गोऱ्या त्वचेवर उन्हाने आलेल्या तांबूस-तपकिरी छटेचा आभास निर्माण करणारे 'ब्राँझर' नावाचे प्रसाधन आता आपल्याकडील बाजारातही मिळते. साहित्यसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकाने अशा वस्तूची दखल का घ्यावी, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु एका देहाने दुसऱ्या देहाची खूण अंगावर घेणे ही केवळ प्रसाधनाची बाब नसून अनुकृतीचीही आहे. आणि अनुकृतीचा नैतिक विचार हा समीक्षेचा जुना, अद्याप न सुटलेला प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या लहानशा उदाहरणाच्या आधारे त्याच प्रश्नाची मांडणी करावयाची आहे.

प्रारंभी भाषेकडे पाहू. मराठीत अंग 'रापते'. हे क्रियापद अकर्मक आहे. रापण्याला कर्ता लागत नाही, काळ लागतो. कोणी स्वतःला रापवून घेत नाही. ऊन, वारा आणि काम यांच्या अनेक वर्षांच्या सहवासात माणूस रापतो. याउलट रंग 'लावला' जातो. तेथे कर्ता आहे, हेतू आहे आणि पुसण्याची सोयही आहे. ब्राँझर म्हणजे काळ वगळून साधलेले रापणे, अशी त्याची व्याख्या करता येईल.

हे प्रसाधन वापरण्याचा एक रूढ संकेत आहे. ऊन जेथे प्रथम पडते तेथेच ते लावावे: कपाळाचा वरचा भाग, गालांची हाडे, नाकाचा कणा. अतिगोऱ्या कातडीसाठी छटा मूळ वर्णाहून किंचितच गडद निवडावी; ती अधिक झाली की चेहरा नारिंगी वा मातकट दिसतो आणि आभास उघडा पडतो. या संकेतात एक विशिष्ट देहस्थिती गृहीत धरलेली आहे. मान वर आहे आणि तोंड सूर्याकडे आहे. हा उन्हाला स्वेच्छेने सामोऱ्या जाणाऱ्या देहाचा नकाशा आहे. यूरोपात उन्हाने तांबूस झालेली त्वचा दीर्घकाळ शेतमजुरीची खूण मानली जाई. १९२० च्या दशकात ती समुद्रकिनाऱ्यावरील सुट्टीची, म्हणजे फुरसतीची खूण होऊ लागली. कोको शानेल यांचे नाव या बदलाशी जोडले जाते. श्रमिक वर्ग शेतातून कारखान्यात, छपराखाली गेल्यानंतरच उन्हाला ही प्रतिष्ठा लाभली, ही गोष्ट सूचक आहे.

आता हा नकाशा भंडारा जिल्ह्यातील एखाद्या धानाच्या बांधीत नेऊन पाहावा. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बाईचे तोंड जमिनीकडे असते. ऊन पडते ते मानेच्या मागच्या भागावर, पाठीवर, कोपरापासून खालच्या हातांवर. चेहरा बहुधा पदराच्या सावलीत असतो. बांधीतल्या पाण्यावरून परतलेला उजेड तेवढा त्याला लागतो. कापणीच्या वेळीही देहाची हीच स्थिती असते. सूर्य एकच असला तरी त्याने अंगावर लिहिलेला मजकूर वेगळा आहे. ब्राँझर ज्या उन्हाचे अनुकरण करते ते या बाईच्या वाट्याला आलेले ऊन नव्हे. म्हणून 'गोऱ्यांनी सावळ्यांचा रंग उचलला' असे ढोबळ विधान करून भागत नाही. छटा उचलली, देहस्थिती वगळली, असे म्हणणे अधिक काटेकोर होईल.

येथे द्रव्याला दोष देण्याचे कारण नाही. ब्राँझरच्या तपकिरी छटा प्रामुख्याने लोहाच्या ऑक्साइडांपासून मिळतात, आणि आपल्या अंगणातल्या गेरूला रंग देणारे द्रव्यही तेच आहे. रंग निर्दोष असतो. त्याला अर्थ येतो तो संकेतव्यवस्थेतून, आणि आपल्या परंपरेतील या संकेतव्यवस्थेचा एक प्राचीन लेखी आधार नाट्यशास्त्रात आहे. आहार्य अभिनयाच्या विवेचनात भरताने नटाच्या अंगरचनेचे नियम दिले आहेत. किरात, बर्बर, आंध्र, द्रमिल, पुलिंद हे असित रंगवावेत. शक, यवन, पह्लव, बाह्लिक हे गौर. ब्राह्मण व क्षत्रिय गौर, तर वैश्य व शूद्र श्याम. असित वर्णाच्या यादीत आणखी काही जण येतात: दुष्कर्म करणारे, व्याधिग्रस्त, तपस्वी, कष्टाचे काम करणारे आणि हीन जातीत जन्मलेले. या यादीत पाप, रोग, तप, श्रम आणि जन्म एकाच रंगपात्रात कालवले आहेत. मात्र त्याच प्रकरणात भरत असेही सांगतो की, जीव जसा एक देह सोडून दुसऱ्या देहाचा स्वभाव धारण करतो, तसा रंगवेष धारण केलेला नट परभाव स्वीकारतो. एकीकडे रंग माणसाला त्याच्या जन्मस्थानाशी जखडतो, दुसरीकडे तोच रंग त्याला त्या स्थानातून बाहेर पडण्याची मुभा देतो. नाट्यकलेचे नैतिक द्वंद्व या दोन विधानांच्या मध्ये आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो झाडीपट्टीच्या रंगपरंपरेतूनच घेता येईल. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने या भागात होणाऱ्या दंडारीत स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष करीत आले. पुरुषाने स्त्री होणे प्रेक्षकांना खटकले नाही, तर गोऱ्याने काळा होणे का खटकावे? नाट्य म्हणजेच परकायाप्रवेश नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, पण तो शेवटपर्यंत नेला की त्याच्यावरच उलटतो. स्त्रीपार्टी नटाच्या कौशल्याचे कौतुक करताना, ज्या काळात रंगभूमी स्त्रियांना बंद होती त्या काळाचे ते अपत्य आहे हे विसरता येत नाही. संकेत कलात्मक असतो आणि त्याच वेळी तो दाराला लावलेली कडीही असतो. म्हणून नटाने परभाव धारण करावा की नाही, हा खरा प्रश्न नाही. ज्याचा भाव धारण केला जातो त्याला त्याच मंचावर पाऊल ठेवता येते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

अलीकडील चित्रपटांतून हा फरक स्पष्ट दिसतो. २०१९ च्या 'बाला' या हिंदी चित्रपटाचा एक विषयच वर्णद्वेष हा होता. तरीही त्यातील सावळ्या नायिकेसाठी भूमी पेडणेकर यांचा वर्ण प्रसाधनाने गडद करण्यात आला आणि त्यावर टीका झाली. याच्या समोर नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) ठेवावा. त्यातील जब्याची भूमिका सोमनाथ अवघडे या ग्रामीण मुलाने केली; तेथे वर्ण लावलेला नाही. आपल्या काळेपणाची जब्याला वाटणारी लाज आणि काळ्या चिमणीच्या राखेवरची त्याची भिस्त यांना जे वजन येते, ते पडद्यावरील देहाला चित्रीकरण संपल्यावर दुसरा वर्ण नाही, या जाणिवेतून येते. पहिल्या चित्रपटाचा हेतू सद्भावी होता हे मान्य करावे लागेल. परंतु सद्भाव आणि प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावरून 'जे पुसता येते ते खोटे व अनैतिक' असा निकष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. ज्या व्यक्तीच्या अंगावर कोड आहे, किंवा जिच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नाही, तिचा विचार करा. आपल्या समाजात गोरेपणाचे कौतुक आहे खरे, पण त्यालाही सीमा आहे. ती ओलांडणाऱ्याला आपण 'पांढराफटक' म्हणतो, आणि कोडाला तर विवाहाच्या बाजारात शापासारखे वागवतो. अशी व्यक्ती चारचौघांत जाण्यापूर्वी चेहऱ्यावर तपकिरी लेप लावते तेव्हा कृती बाह्यतः तीच असते. पण सुट्टीची तांबूस छटा पुसल्यावर मागे प्रतिष्ठित गोरेपणा उरतो. हा लेप पुसल्यावर मागे लोकांची नजर उरते. येथे रंग हा दुसऱ्याच्या वाट्याचे काही हिरावून घेत नाही, तो फक्त आडोसा देतो. तेव्हा निकष पुसण्याच्या शक्यतेत नसून, पुसल्यानंतर माणूस कोठे परततो यात शोधावा लागतो. प्रसाधन करणारा कोणत्या जागेवरून निघाला आणि कोणत्या जागी परतला, या प्रवासात कृतीचा नैतिक अर्थ असतो. फ्रांझ फॅनन यांनी १९५२ साली काळ्या कातडीवरील गोऱ्या मुखवट्यांचे विश्लेषण केले. त्या मुखवट्याची आणि या लेपाची सममिती मांडता येत नाही, याचे कारण हेच आहे. काळ्या माणसाला परतण्यासाठी जी जागा उरलेली असते, तीच त्याला नाकारलेली असते.

हा निकष साहित्यालाही लागू होतो. आपल्या ग्रामीण कथेत 'रापलेले हात', 'उन्हाने करपलेला चेहरा' अशी विशेषणे विपुल आहेत. पुष्कळदा ती शब्दांचे ब्राँझरच असतात: जेथे वाचकाची नजर प्रथम पडते तेथेच, म्हणजे चेहऱ्यावर, किंचित गडद लावलेली. दलित साहित्याच्या चर्चेत सहानुभूती आणि स्वानुभूती असा जो भेद केला गेला, त्याचा अर्थ काहींनी 'ज्याचे दुःख त्यानेच लिहावे' इतका संकुचित घेतला. तसा तो घेतल्यास साहित्याचा परकायाप्रवेशच संपेल. समीक्षकाने लेखकाच्या जन्माची चौकशी करण्याऐवजी संहितेला अधिक कठीण प्रश्न विचारावा: या वर्णनात ऊन अंगाच्या कोणत्या भागावर पडले आहे? बांधीत वाकलेल्या बाईच्या मानेमागचे ऊन ज्या लेखकाला दिसले, त्याला निदान तिच्या मागे उभे राहावे लागले आहे. ज्याने केवळ तिचा चेहरा रंगवला, त्याने तिला मान वर करून आपल्याकडे पाहायला लावले आहे, आणि तेवढ्या वेळापुरते तिचे काम थांबवले आहे.

ब्राँझर लावणाऱ्या गोऱ्या स्त्रीला दोषी ठरवावे, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. ती स्वतःही दुसऱ्यांच्या नजरेसाठीच आरशापुढे उभी असते. प्रश्न आपल्यापुढचा आहे. रापण्याला आपण सौंदर्य म्हणू लागलो, पण रापलेल्या माणसाला सुंदर म्हणायला अजून शिकलो नाही. वधूवरसूचक जाहिरातींत 'गोरी' हा शब्द गुणासारखा छापला जात आला आणि 'सावळी' हा कबुलीसारखा. हे शब्द असे विषम वजनाचे आहेत तोवर कोणत्याही त्वचेवरचा तपकिरी रंग निव्वळ रंग राहणार नाही.