दुखणं थांबलं, बळ यायचंय

सोयाबीनच्या सोंगणीत विळा लागतो, कधी कडबा कुट्टीच्या पात्यात हात सापडतो आणि बोटाची कंडरा तुटते. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरांना ही भीती नवी नाही. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट बंध. तो तुटला की बोट शाबूत असूनही मूठ वळत नाही. डॉक्टर कंडरा शिवतात, घरचे निश्चिंत होतात; पण रुग्णाचं काम तिथूनच सुरू होतं.

शिवलेल्या कंडरेवर लवकर भार पडला तर ती पुन्हा तुटू शकते. हात अजिबात हलवला नाही तर ती आजूबाजूला चिकटते, बोट आखडतं आणि स्नायूही वाळत जातो. म्हणून सुरुवातीला स्प्लिंटमध्येच, म्हणजे हाताला बांधलेल्या आधारपट्टीतच, सांगितली तेवढीच हालचाल. साधारण सहा आठवड्यांनी बोटं मोकळी करायची, आठव्या आठवड्याच्या सुमारास मऊ चेंडू दाबायला लागायचं, आणि जड काम बाराव्या आठवड्यानंतर, तेही डॉक्टरांना विचारूनच. दुखणं मात्र त्याच्या बरंच आधी थांबतं. खरा धोका तेव्हाच असतो. ‘आता काही होत नाही’ म्हणत माणूस पोत्याला हात घालतो.

शस्त्रक्रियेनंतरची ही वाट मोठ्या खेळाडूंनाही चुकत नाही. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आपल्या लहानग्या मुलाची, अर्जुनची, प्लास्टिकची बॅट उचलणंही जड गेलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्याच हातांनी 25 ऑक्टोबर 2005 रोजी आपल्या विदर्भात, नागपुरात, श्रीलंकेविरुद्ध 93 धावा काढल्या. मधले महिने टाळ्यांविना व्यायामात गेले होते.

धीर धरणं म्हणजे नुसतं थांबणं नाही. आजच्या वाट्याचं थोडंसं काम चोख करायचं आणि उद्याचं आजच ओढून आणायचं नाही, हाही धीरच. शरीराला घाई सोसत नाही, तसा आळसही सोसत नाही.

ओसरीवर चेंडू दाबत बसलेला माणूस रिकामा दिसतो. तो रिकामा नसतो. पुढच्या हंगामासाठी हात घडवत असतो. घरच्यांनो, एवढा एक हंगाम त्याच्या वाट्याचं ओझं तुम्ही उचला, आणि त्याचा व्यायाम एक दिवसही चुकू देऊ नका.