नगराचें ऋण

न्यू ऑर्लिन्स शहराच्या जुन्या भागास 'फ्रेंच क्वार्टर' म्हणतात. अमेरिकेंत फ्रान्सचा ठसा पाहावयाचा तर येथेंच, असें प्रवासवर्णनांत आपण वाचतों. १७१८ सालीं बिएनव्हिल या फ्रेंच अधिकाऱ्यानें मिसिसिपीच्या वळणावर हें शहर वसविलें, हें खरें. परंतु १७८८ व १७९४ सालच्या दोन आगींत त्या गांवाचा बराच भाग भस्म झाला. अंमल तेव्हां स्पेनचा होता. म्हणून विटांच्या जाड भिंती, कमानी, आंतले चौक, हा जो थाट फ्रेंच म्हणून वाखाणला जातो, तो पुष्कळसा स्पॅनिश अमदानींतला आहे. एका युरोपीय राष्ट्राचें श्रेय दुसऱ्याच्या खातीं पडलें, इतकेंच. यांत फारसें कोणाचें बिघडलें नाहीं.

अन्याय झाला तो निराळ्याच माणसांवर. १७१९ पासून आफ्रिकेंतून गुलाम येथें उतरविण्यांत येऊं लागले. भाताची लागवड जाणणारे लोक त्यांच्यांत होते; विटा पाडणारे, लोखंड घडविणारे हातही बव्हंशीं त्यांचेच. शहराचें सुप्रसिद्ध पक्वान्न 'गंबो'. हा शब्द आफ्रिकेंतील भाषांतला असून त्याचा मूळ अर्थ आपली भेंडी! त्यांतलें स्निग्ध पदार्थांत परतलेलें पीठ फ्रेंचांचें, तर सासाफ्रास झाडाच्या पानांची पूड चॉक्टॉ लोकांची. १७२४ च्या 'कोड न्वार' या फ्रेंच कायद्यानें गुलामास जंगम मालमत्ता ठरविलें, आणि त्याच कायद्यानें रविवारीं त्यास कामास जुंपण्याची मनाई केली. त्या रविवारच्या फुरसतींत, पुढें काँगो स्क्वेअर म्हणून ओळखल्या गेलेल्या मैदानांत, हे लोक जमत, ढोल वाजवीत, नाचत. जाझ संगीताचीं मुळें शोधणारे अभ्यासक त्या मैदानाकडे वळतात, तें उगीच नव्हे.

मीं स्वतः वर्गांत वर्षानुवर्षें 'युरोपचा प्रभाव' हा शब्दप्रयोग निःशंकपणें केला. त्यांत कर्ता एकच असतो. बाकीचे सारे जणूं कोरी पाटी.

कोणी म्हणेल, युरोपीयांनीं बंदर वसविलें नसतें तर या सर्वांची गांठच पडली नसती. तेव्हां मूळ श्रेय त्यांचेंच. पण निमित्त होणें निराळें आणि कर्ता असणें निराळें. मंडालेच्या तुरुंगांत लोकमान्यांस एकांत लाभला, म्हणून 'गीतारहस्या'चें श्रेय इंग्रज सरकारास आपण देत नाहीं. शिवाय येथें एकांत नव्हता, चाबूक होता. युरोपचें खरें देणें नाकारावें असें मी म्हणत नाहीं. लुइझियानाचा दिवाणी कायदा आजही फ्रेंच व स्पॅनिश परंपरेवर उभा आहे, आणि तें देणें कागदोपत्रीं नोंदलेलें आहे. ज्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत, त्यांचें ऋण मान्य तरी कसें करावयाचें, हा प्रश्न मला सोडवितां आलेला नाहीं. 'फ्रेंच' हें नांव पुसून तो सुटेल, असेंही वाटत नाहीं.

बिएनव्हिल येण्यापूर्वीं त्या जागेस चॉक्टॉ भाषेंत 'बुल्बान्चा' म्हणत. जेथें अनेक भाषा बोलल्या जातात तें ठिकाण, असा त्याचा अर्थ.