मनाची ताटी



नवविधा भक्तीची नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि शेवटी आत्मनिवेदन. श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने ती आपल्या पित्याला सांगितली. या नावांच्या क्रमाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. आठवी पायरी सख्याची आणि नववी निवेदनाची. आत्मनिवेदन म्हणजे देवाला सर्वस्व अर्पण करणे, हा शास्त्रार्थ खराच. पण अर्पण करायचे तर आपल्यापाशी काय आहे ते आधी उघडे करावे लागते. गाठोडे करकचून बांधून काखेत मारायचे आणि तोंडाने 'सर्व तुझे' म्हणायचे, याला निवेदन कोण म्हणेल? सख्य जडले की मन उघडते, आणि मन उघडले की सख्य पुरे होते.

देवापाशी आपण हे करतो. विटेवरच्या मायबापापुढे उभे राहिलो की घरातले, शेतातले, पोटातले सगळे बोलतो. परंतु शेजारी टाळ धरून उभा असलेला माणूस? त्याला आपण 'माऊली' म्हणतो, त्याच्या पाया पडतो, आणि त्याच्यापासूनच सारे झाकून ठेवतो. हे कसे, याचा आज थोडा विचार करू.

संतांची रीत अशी नव्हती. तुकोबारायांना संतांनी त्यांची हकिगत विचारली, तेव्हा महाराजांनी ती अभंगातून सांगितली. काय सांगितले? आपला मोठेपणा नव्हे. 1630-31 च्या दुष्काळात व्यापार बुडाला, मान गेला, पत्नी अन्न अन्न करीत गेली, जिवाला लाज वाटली, हे सांगितले. स्वतःविषयी बोलणे त्यांना योग्य वाटत नव्हते. संतांनी विचारले म्हणून ते बोलले. आज आपण महाराजांना भितो का? नाही, आपण त्यांना आपले मानतो. त्यांच्या अधिकारापुढे आपले मस्तक नमते; त्यांच्या दुःखाने मात्र ते आपल्या ओसरीवर येऊन बसतात.

त्यांच्या शिष्या बहिणाबाई यांनीही तेच केले. 1628 साली वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या या माऊलीने आपले सारे आयुष्य अभंगांत मांडले. पतीचा मार, कोल्हापुरी लळा लागलेल्या वासराचा मृत्यू, तुकोबांना गुरू मानल्यामुळे घरात झालेला छळ, काही लपविले नाही. 1700 साली त्यांनी देह ठेवला. तरी आजही एखादी गांजलेली सून ते अभंग ऐकते आणि म्हणते, "बाई, हे तर माझंच." तिचे दुःख त्याने सरत नाही, पण 'जगात मी एकटीच' हा काटा निघतो.

येथे कोणी विचारील, 'महाराज, बोलावेसे वाटते, पण तोंडच उघडत नाही, त्याला काय करावे?' प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर मुक्ताईने देऊन ठेवले आहे. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांची विनवणी करू लागली. तेच ताटीचे अभंग. पाहा, प्रत्यक्ष ज्ञानेश्वर माऊलींनाही ताटी लावून बसावेसे वाटले, मग आपली काय कथा! पण मुक्ताईने 'बसलाय तर बसू दे' म्हटले नाही, की ताटी मोडून आतही शिरली नाही. ती दाराशी थांबली, प्रेमाने बोलत राहिली. सांगणाऱ्याइतकेच विचारणाऱ्यालाही महत्त्व आहे ते यासाठी. पुष्कळ ताट्या बंद राहतात त्या बाहेर कोणी थांबत नाही म्हणून.

आपल्या वारीनेही ही सोय करून ठेवली आहे. माऊलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांना समाजआरतीचा प्रसंग ठाऊक आहे. मुक्कामाच्या तळावर दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, निवाडा होतो. हरवले-सापडलेलेही तिथेच पुकारतात. केवढी ही व्यवस्था! दुःख असणाऱ्याने गप्प बसू नये, टाळ वाजवावा. आणि ज्याच्या हाती चोप आहे त्याने चालत त्याच्याकडे जावे.

दिंडीची तक्रार अशी ऐकली जाते. एकेका माणसाची कोण ऐकणार? आम्ही पाहिलेली एक गोष्ट सांगतो. सासवडच्या मुक्कामी एका दिंडीत एक वारकरी दोन दिवस नीट जेवला नाही. पिठले-भाकरी पुढे आली की 'उपास आहे' म्हणे. शेजारचा म्हातारा बारा वर्षे त्याच्याबरोबर चाललेला. त्याला गाव माहीत, टाळाचा हात माहीत, घरचे मात्र काही माहीत नाही. रात्री त्याने विचारले, "माऊली, आज कुठली एकादशी?" हा काही बोलेना. मग म्हाताऱ्याने आपलेच सांगितले: धाकटा मुलगा वेगळा निघाला, दोन वर्षे घरी येत नाही. ते ऐकले आणि ह्याचा बांध फुटला. कर्ज थकलेले, विहीर कोरडी, बायकोला यातले काही ठाऊक नाही. पंढरपूरहून परत घरी जायचेच नाही, असे मनाशी ठरवून हा निघालेला. म्हाताऱ्याने उपदेश केला नाही. कर्जही त्याने फेडले नाही, त्याच्यापाशी होते काय? तो रात्रभर शेजारी बसून राहिला. पंढरीहून परतताना दिंडीतले दोघे त्याच्या घरापर्यंत गेले, त्याच्या बायकोसमोर सगळे बोलणे झाले, आणि हप्ते बांधून घ्यायला बँकेतही तेच दोघे बरोबर गेले. कर्ज अजून आहे. माणूसही आहे, आणि वारीला येतो.

बाबांनो, कर्जापायी जीव देणारे शेतकरी बंधू आपल्याच गावांतले. त्यातले कित्येक कोणाशी एक शब्द न बोलता गेले. म्हणून ही गोष्ट आम्ही सांगितली. म्हाताऱ्याने नुसते 'काय झाले' विचारले तेव्हा ताटी उघडली नाही. त्याने आपली ताटी आधी उघडली, तेव्हा उघडली. जिव्हाळा असाच वाढतो. एकाने थोडे द्यावे, दुसऱ्याने तेवढे द्यावे, मग पहिल्याने आणखी थोडे. एकानेच सांगत राहावे आणि दुसऱ्याने नुसते ऐकून घ्यावे, तर ती चौकशी होते.

यात विवेक मात्र हवा. बाजारात कोणी तिजोरी उघडीत नाही. चार दिवसांच्या ओळखीवर पोटातले सारे ओतू नये, आणि आपले सांगण्याच्या भरात घरच्या लेकीसुनांचे झाकलेले उघडे करू नये. ते आपले नव्हे, त्यांचे आहे. ऐकणाऱ्यावर तर दुप्पट जबाबदारी. कानी आलेले गुज ठेव म्हणून जपावे. ते पारावर नेऊन वाटणे ही चोरीच, आणि मोबाईलवरून गावभर धाडणे त्याहून वाईट. एकदा विश्वास फसला की ती ताटी पुन्हा उघडत नाही. कोणी रडत सांगत असता 'नामस्मरण कमी पडले तुझे' असे सुनावणे हेही बरे नव्हे. आधी ऐकावे. नाम आहेच, ते दोघांनी मिळून घ्यावे.

तेव्हा येत्या वारीत एवढे करू या. ज्याच्या शेजारी चालतो, त्याला गावाचे नाव विचारून थांबायचे नाही. दिवेघाट चढताना त्याची पडशी घटकाभर घ्यावी, मुक्कामी त्याच्या ताटाकडे लक्ष ठेवावे, आणि आपल्या मनातले एखादे ओझे आपण होऊन त्याच्यापाशी उतरवावे. ज्यांना वारी घडत नाही त्यांनी घरातच पाहावे. एका छपराखाली किती ताट्या लागलेल्या असतात! नवव्या पायरीचा अभ्यास देवळात करायचा, तसाच माजघरातही करायचा. माणसापाशी खरे बोलायला शिकलेली जीभच देवापाशी खरे बोलते.

॥ रामकृष्ण हरि ॥