रीत कुठाय?

तो पेढ्यांचा पुडा आधी पिशवीत घाल. तोंड गोड करण्यासारखं तू काय केलंयस ते समजल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. बैस. मोबाइल उलटा ठेव.

शनिवारी दुपारी पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात गेलास. काचेच्या पेटीत इमारतीचा नमुना, त्यात निळा तलाव आणि काडीएवढी खजुराची झाडं. कोटातल्या पोराने कॉफी पाजली, ‘सर, हा भाव आज रात्रीपर्यंतच’ म्हणाला, आणि तू क्रेडिट कार्ड पुढे केलंस. दुबईत दहा लाख दिरहमचा एका बेडरूमचा फ्लॅट! इमारतीचा पाया अजून खणायचाय. आणि दुबई तू पाहिलीस किती? अमेरिकेला जाताना विमानतळावर काढलेले चार तास. त्यातला एक परफ्यूमच्या दुकानात.

तुझ्या वहीत लाल शाईने मी किती वेळा लिहिलं असेल, ‘रीत कुठाय?’ उत्तर बरोबर आलं तरी शून्य द्यायचे, म्हणून तुझी आई भांडायला आली होती. आज तर उत्तरही बरोबर आहे की नाही, हे तुला ठाऊक नाही.

तुझ्या वडिलांनी शिरवळजवळ दोन गुंठे घेतले तेव्हाची गोष्ट तुला आठवत नसेल. चार खेपा घातल्या त्यांनी. सातबारा काढला, फेरफार पाहिला, आणि भर मे महिन्यात शेजारच्या मळ्यात जाऊन विचारलं, ‘विहिरीला आता पाणी किती आहे?’ सातवी शिकलेला माणूस! मेमध्ये विहीर बघायची हे त्यांना कळलं. तुला ऑगस्टमध्ये दुबई बघायची हे कळलं नाही.

मी दुबईच्या करामा भागात लेकीकडे सहा महिने राहिलेय, तेव्हा मला चकचकीत पुस्तिका दाखवू नकोस. ऑगस्टमध्ये इमारतीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, काही दिसत नाही. ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ असं छापलंय ना इथे? गाडीने की पायी? मधे बारा पदरी शेख झायेद रोड असेल तर स्टेशन समोर दिसत असूनही पोचता येत नाही, पादचारी पूल कुठे आहे ते शोधावं लागतं. १६ एप्रिल २०२४ ला तिथे १९४९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा पाऊस झाला. कोणत्या वस्तीत गाड्या तरंगल्या, कुठे लिफ्ट बंद पडल्या, हे नमुन्याच्या पेटीत दिसत नाही. तिथल्या वॉचमनला विचारलं की तो पाच मिनिटांत सांगतो.

‘कंपनी काही वर्षांत दुबईला पाठवणार आहे’ म्हणालास. पाठवू दे की! मग वर्षभर भाड्याने राहा. त्यातही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. भाडं सहसा महिन्याच्या महिन्याला देत नाहीत, पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. चेक जितके कमी, तितकं भाडं उतरवून मागता येतं. अनामत साधारण पाच टक्के, दलालाचे पाच टक्के. कराराची ‘इजारी’ नोंदणी करायची. वीज-पाण्याच्या बिलातून वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के नगरपालिकेचे जातात. थंड हवेचं बिल काही इमारतींत वेगळं येतं. माझ्या लेकीने ते विचारलं नव्हतं आणि पहिल्या उन्हाळ्यात रडकुंडीला आली. पण तिचं नुकसान एका उन्हाळ्याचं. तुझं घर असेल तोवर दर उन्हाळ्याचं होईल.

‘तोवर भाड्याने देतो आणि बदली झाली की स्वतः राहायला जातो’ हे तर तुझं शहाणपणाचं शिखर. तिथल्या कायद्यात मालकाला स्वतः राहायचं असलं तरी भाडेकरूला बारा महिने आधी नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड टपालाने नोटीस द्यावी लागते. म्हणजे तू दुबईत जाऊन दुसऱ्याच्या घरात भाडं भरणार आणि तुझ्या घरात दुसरा राहणार!

आता त्या पोराने कबूल केलेल्या सात टक्के भाड्याचं बघू. लिही. दहा लाखांवर सत्तर हजार दिरहम भाडं. सातशे चौरस फुटांना पंधरा दिरहमने देखभालीचा आकार धरला तर साडेदहा हजार गेले. एक महिना घर रिकामं राहिलं, पाच हजार आठशे. सांभाळणाऱ्या एजंटाचे पाच टक्के, साडेतीन हजार. उरले जेमतेम पन्नास हजार. खरेदी दहा लाखांची नाही, जमीन खात्याची चार टक्के फी धरून दहा लाख चाळीस हजारांची. भाग दे. पाचसुद्धा येत नाहीत. त्यावर तू भारतात राहतोस म्हणून इथला प्राप्तिकर. तिथे पगार-भाड्यावर कर नाही, पण त्याचं सुख तिथे राहणाऱ्याला.

दिरहम कसा वाढत गेला याचा आलेख त्या पोराने दाखवला, होय? तो १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ दराने बांधलेला आहे. २०१४ मध्ये सोळा-सतरा रुपयांना मिळायचा, आता तेवीसच्या वर गेला. ज्याचं घर तिथे आहे त्याने टाळ्या वाजवाव्यात. तुला अजून चार वर्षं हप्ते भरायचेत, पगार रुपयांत. तुझ्यासाठी तो आलेख कर्जाचा आहे.

आणि भाव फक्त चढतात हे कुणी सांगितलं? २००२ मध्ये परदेशी माणसाला ठरावीक भागांत मालकी हक्काने घर घेण्याची मुभा मिळाली, २००८ पर्यंत न बांधलेल्या फ्लॅटचे कागदच हातोहात विकले जात होते. मग भाव निम्म्यावर आले, क्रेन थांबल्या. २०१४ च्या उंचीवर ज्यांनी घेतलं ते २०२० पर्यंत उतारच पाहत बसले. 

इथली बाजू तर तू उघडूनच पाहिली नाहीस. घराचे पैसे बँकेतून रीतसर पाठवायचे असतात, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. कार्ड घासून घर घ्यायचं नसतं. ते आधी सीएला दाखव, आजच. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवलंस की वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच वसूल करते. विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो. आणि परदेशातली मालमत्ता विवरणपत्रात दाखवायची राहिली तर दंड दहा लाख. ‘विसरलो, बाई’ इथे चालायचं, तिथे नाही.

दुबईत घर घेऊच नये असं मी म्हटलेलं नाही. मान खाली घालू नकोस, वर बघ. तिथला कायदा आंधळा नाही. २००७ पासून न बांधलेल्या घराचे पैसे त्या प्रकल्पाच्या वेगळ्या एस्क्रो खात्यातच भरावे लागतात. जमीन खात्याच्या ‘दुबई रेस्ट’ ॲपवर प्रकल्पाची नोंद दिसते, शेजारच्या इमारतीतली घरं खरोखर केवढ्याला विकली गेली तेही खातं उघड करतं. तुझे पैसे कुणाच्या खात्यात गेले? पावती बघ. बघितली नाहीस ना?

मग पुढच्या रविवारी दहा वाजता ये. पुस्तिका नको, करार आण, सगळी पानं. रद्द केलं तर किती कापतात ते कलम मला आधी वाचायचंय. वहीही आण, रेघांची. आणि ऑगस्टचं तिकीट काढलंस की सांग, लेकीला कळवते. तिच्याकडे चार दिवस राहायला जागा होईल. दुपारी दोन वाजता त्या प्लॉटवर ती तुला सोडेल. परत मात्र मेट्रोने यायचं.